दुसऱ्याच्या हातचं काम

बसमध्ये इंजिन बसलेलं होतं. गिअरबॉक्स त्याला जोडलेला होता. तरीही बस जागची हलत नव्हती, आणि ती हलती करून देईल असं वर्कशॉप सापडत नव्हतं. बिघडलेल्या गाडीचं एक बरं असतं. ती पूर्वी कधीतरी चालत होती, त्यामुळे कुठे काय फिसकटलं याचा माग काढता येतो. हे इंजिन या बसमध्ये कधी चाललेलंच नव्हतं. माग काढायचा तो कशाचा?

बस माझी नव्हे, शेजाऱ्यांची. ओहायोच्या उत्तर भागात, आमच्यापासून दोन घरं सोडून, गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. मनातल्या मनात मी त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांच्या परसात, मक्याच्या शेताला लागून, 1975 सालची एमसीआय कंपनीची एमसी-8 उभी आहे. 40 फूट लांब, तीन अ‍ॅक्सलची, अंगावर नालीदार स्टेनलेस स्टीलचे पत्रे. नोकरीची वर्षं तिने ग्रेहाउंडच्या ताफ्यात काढली. पुढे सीटा निघाल्या, त्यांच्या जागी सिंक आलं, शेगडी आली, सोफा आला आणि मागे, इंजिनाच्या बरोबर डोक्यावर, पलंग आला. जुन्या प्रवासी बसचं असं फिरतं घर करणाऱ्यांचा अमेरिकेत एक पंथच आहे. पैसेवाले लोक तयार मोटरहोम विकत घेतात. हे लोक बस घेतात आणि पुढची वर्षं तिच्यात कमी, तिच्याखाली जास्त झोपतात.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. पण मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वाढलो, जिथे ऑइल इंजिनं ओतली, कातली आणि जोडली जायची, हे एकदा बोलण्याच्या ओघात मास्तरांना सांगून बसलो होतो. तेवढ्यावर त्यांनी मला जाणकार ठरवलं आणि वर्कशॉपच्या शोधात बरोबर घेतलं.

बसमधलं मूळ इंजिन डेट्रॉइट डिझेलचं 8व्ही71. आठ सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंचांचे, एकूण 568 घनइंच, म्हणजे 9.3 लिटर. हे घराणं 1938 सालचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शर्मन रणगाड्याच्या एम4ए2 या प्रकारात याच घराण्यातली सहा सिलिंडरची दोन इंजिनं शेजारी शेजारी जोडून घातली होती. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांतही हेच. युद्धानंतर ट्रक, बस, मासेमारीच्या बोटी, जनरेटर, सगळीकडे याचं राज्य. आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की स्कूटर डोळ्यांपुढे येते, पण हे टू-स्ट्रोक डिझेल आहे. शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. पिस्टन स्वतः हवा ओढून घेत नाही. लायनरच्या खालच्या अंगाला असलेल्या खिडक्यांतून ब्लोअर ती आत दामटतो आणि जळलेला धूर वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. ब्लोअर नसेल तर इंजिन सुरूसुद्धा होणार नाही. याचा आवाज असा काही निघतो की ट्रकवाल्यांनी त्याला ‘स्क्रीमिंग जिमी’ म्हणावं. नियंत्रक 2100 फेऱ्यांवर त्याला आवरतो आणि खरी ताकद तिथेच, वरच्या टोकाला. त्यामुळे ते सतत पिळूनच चालवावं लागतं. जुने ड्रायव्हर सांगतात, डेट्रॉइट चालवायला बसण्याआधी आपला हात दारात चेमटून घ्यावा, म्हणजे डोकं फिरतं आणि मग गाडी हवी तशी चालवली जाते. तेलही त्याला साध्या 40 ग्रेडचंच लागतं, आणि त्यातलं थोडं ते जमिनीवर सांडणार, हे धरूनच चालायचं.

असं इंजिन काढून टाकायचं का? मी असतो तर काढलं नसतं. मास्तरांचा हिशेब वेगळा होता, आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात. मिळेनासा झालाय तो हात. इंजेक्टरचं टायमिंग, गव्हर्नरमधली फट आणि सगळ्या इंजेक्टरांचे रॅक एकमेकांशी जुळवणं, हे गेज घेऊन, कान लावून, ठरावीक क्रमानेच करायचं काम. एक रॅक जरा इकडेतिकडे झाला तरी इंजिन अडखळत चालतं, आणि रॅक अडकून राहिला तर ते आवरतच नाही, सुसाट सुटतं. म्हणून ब्लोअरच्या तोंडाशी हवा कोंडून इंजिन बंद पाडणारी एक आणीबाणीची झडप असते. हे काम बिनचूक करणारे जे होते ते एक तर निवृत्त झाले किंवा राहिले नाहीत. डोंगराळ वाटेवर, रात्री, कुठल्या तरी गावी बस बंद पडली तर तिला कोण हात लावणार, हा मास्तरांचा प्रश्न होता.

उत्तर त्यांनी निवडलं ते त्याच कंपनीच्या सीरिज 60 चं. हे इंजिन 1987 साली बाजारात आलं. चार स्ट्रोकचं, एका ओळीत सहा सिलिंडर आणि पहिल्यापासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं. मास्तरांनी 12.7 लिटरचं घेतलं, एका मोडीत निघालेल्या ट्रकमधून. टॉर्क जुन्याच्या जवळपास दुप्पट, तेलाची गळती नाही, आणि देशातल्या कुठल्याही ट्रक गॅरेजात याचा जाणकार भेटणार. कागदावर सगळं चोख.

मास्तरांचं एक नशीब चांगलं होतं. एमसीआयच्या बसमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, त्याच्यापुढे गिअरबॉक्स आणि त्याच्यापुढे अ‍ॅक्सल. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या बसगाड्यांत ते आडवं बसतं, शक्ती तिरकी वळवून अ‍ॅक्सलला नेलेली असते आणि इंजिन फिरतंही उलट्या दिशेने. तिथे सीरिज 60 घालायचं म्हणजे डोक्याला ताप. इथे निदान दिशा तरी एकच होती.

पण बाकी सगळं वेगळं होतं. व्ही आकाराचं इंजिन बुटकं आणि आखूड. सरळ सहा सिलिंडरचं उंच आणि लांब. उंच म्हणून वरची फरशी उचलावी लागली, आणि मास्तरीणबाईंना पलंगावर चढायला स्टूल लागू लागलं. लांब म्हणून गिअरबॉक्स पुढे सरकला. जुना चार गिअरचा हाती चालवायचा बॉक्स गेला, त्याच्या जागी अ‍ॅलिसनचा सहा गिअरचा, इलेक्ट्रॉनिक. तो घेतला हे शहाणपणाचं झालं. अ‍ॅक्सलमधलं गुणोत्तर 2100 फेऱ्यांच्या इंजिनासाठी ठरवलेलं होतं आणि नवं इंजिन महामार्गावर 1500 च्या आसपास सुखाने चालतं. वरच्या ओव्हरड्राइव्ह गिअरमुळे तो मेळ बसतो. पण गिअरबॉक्स पुढे सरकला की अ‍ॅक्सलपर्यंतचा प्रॉपेलर शाफ्ट, जो मुळातच आखूड, तो आणखी आखूड होतो. मग पॅडलची तार गेली, त्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅडल. एग्झॉस्टची दिशा बदलली. ट्रकचा ऑइल पॅन बसच्या पोटात बसेना. टर्बोतून निघणारी तापलेली हवा थंड करायला कूलर हवा, त्याला जागा हवी. बस 24 व्होल्टची, इंजिनाबरोबर आलेलं वायरिंग 12 व्होल्टच्या ट्रकचं.

हे सगळं एका मेकॅनिकने हाती घेतलं होतं. भला माणूस, कामातही वाकबगार. इंजिन बसवून झालं, गिअरबॉक्स बसवून झाला, वायरिंग अर्धं झालं, आणि तब्येतीच्या कारणाने तो गाशा गुंडाळून अ‍ॅरिझोनाला मुलीकडे राहायला गेला. फोन केला की आपुलकीने उचलतो. पण आठवत काही नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? ते काम त्याच्या हातात होतं. वहीत नव्हतंच.

इथून पुढे सुरू झाले नकार.

आधी वाटलं, बस घेऊन चार ठिकाणी जाऊन यावं. ते शक्य नव्हतं. अशा बसचे ब्रेक हवेवर सुटतात. हवा नसेल तर चाकं जखडलेलीच, आणि हवा भरतं ते इंजिन. इंजिन चालत नाही म्हणून हवा नाही, हवा नाही म्हणून ब्रेक सुटत नाहीत. बाहेरच्या कंप्रेसरने हवा भरून, अवजड गाड्या ओढणारा रेकर बोलावून ती नेता येते, पण त्याचा खर्च इतका की ‘नुसतं बघून सांगा’ म्हणायला नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तेव्हा बस तिथेच राहणार आणि माणसाला तिच्यापर्यंत यावं लागणार. फोटो पाठवून बघितले. फोटोत सगळ्याच बसगाड्या झालेल्या दिसतात.

मोटरहोमच्या सर्व्हिस सेंटरने इंजिन म्हटल्याबरोबर अंग काढून घेतलं. ते फ्रीज, छत, पाण्याची टाकी बघतात. पर्यटन बसगाड्यांच्या एका गॅरेजने हंगाम संपल्यावर या म्हणून सांगितलं, आणि हंगाम संपल्यावर पुढचा हंगाम आला. एका मोठ्या ट्रक डीलरकडचा तरुण तंत्रज्ञ मात्र सुट्टीच्या दिवशी, केवळ कुतूहलापोटी, लॅपटॉप घेऊन आला. त्याने बाहेरून वीज देऊन इंजिनाच्या संगणकाला जोडणी केली आणि पाच मिनिटांत सांगितलं की हे इंजिन अजून स्वतःला ट्रकमध्ये समजतंय. गिअरबॉक्स कोणता, हे त्याला चुकीचं सांगितलेलं आहे. पाण्याच्या पातळीचा सेन्सर जोडलेलाच नाही, आणि तो नाही म्हणजे पाणी संपलं अशी समजूत करून घेऊन ते सुरू झालं तरी थोड्या वेळात आपणहून बंद पडेल. पोरगा हुशार. मास्तर खूश. त्याच्या मॅनेजरने मात्र सोमवारी सरळ नाही म्हटलं. आमच्या हातून सुरू झालेलं काम नाही, वॉरंटी देता येणार नाही, विम्यात बसत नाही.

मास्तर चिडले. मला त्या मॅनेजरचं बरोबर वाटलं. चाळीस फुटी बस महामार्गावर धावणार, आत माणसं बसणार. उद्या प्रॉपेलर शाफ्ट तुटून फरशीत घुसला, तर माउंटिंग कुणी जोडलं होतं हे कोणी विचारत नाही. शेवटचं बिल कुणाचं, ते विचारतात. जो शेवटचा पाना लावतो त्याच्या माथी आधीच्या सगळ्या पान्यांचा हिशेब येतो. तासाला दीडशे डॉलरच्या वर घेणाऱ्या दुकानाने तो जुगार का खेळावा?

मला धास्ती वाटली ती उलट एका होकाराची. शेजारच्या परगण्यातला एक जण आला, बसला एक फेरी मारली, इंजिनाचं दार उघडून आत डोकावला आणि खिशातून हात न काढता एक गोल आकडा सांगून मोकळा झाला. तीन आठवड्यांत चावी हातात देतो म्हणाला. मास्तरांना तो आवडला. खाली वाकून न बघता होकार देणाऱ्याकडे बस द्यायची नाही, यासाठी मला बरीच हुज्जत घालावी लागली.

याच दिवसांत मला राहून राहून सीनिक्रूझर आठवत होती. ग्रेहाउंडची ती प्रसिद्ध दीड मजली बस, जनरल मोटर्सने 1954 ते 1956 या काळात बनवलेली, रेमंड लोवींनी रूप दिलेली. एकूण 1001 गाड्या. तेव्हा पुरेशा ताकदीचं एकच इंजिन हाताशी नव्हतं, म्हणून चार सिलिंडरची दोन 4-71 इंजिनं जोडीने घातली, आणि त्या जोडीने ग्रेहाउंडला इतका त्रास दिला की शेवटी 1961-62 मध्ये उरलेल्या 979 गाड्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीकडे गेल्या. तिथे दोन्ही इंजिनं काढून प्रत्येकीत एकेक 8व्ही71 बसवलं गेलं. म्हणजे मास्तर जे इंजिन काढायला निघाले होते, तेच एके काळी बदलीचं नवं इंजिन म्हणून आलं होतं! पण मला त्या गोष्टीतला आकडा महत्त्वाचा वाटतो. 979 बसगाड्यांना तेच माउंटिंग, तीच वायर, तोच शाफ्ट. पहिल्या पाच गाड्यांत जे चुकलं असेल ते दहावीत सुधारता येतं, आराखडा होतो, साचा होतो, नवख्या कामगारालाही सांगता येतं. एमसीआयच्या बसगाड्यांचंच बघा. त्या काळी कॅनडातल्या विनिपेगला सांगाडा तयार व्हायचा आणि सीमेपलीकडे नॉर्थ डकोटातल्या पेम्बिनाच्या कारखान्यात गाडी पुरी व्हायची. अर्धं काम एका देशात, उरलेलं दुसऱ्या देशात, आणि कुणाचं काही अडत नसे. मास्तरांच्या परसातली बस मात्र एकाची एक. तिचा आराखडा अ‍ॅरिझोनाला निघून गेलेला.

कोल्हापूर असतं तर काम एव्हाना झालं असतं, अशी माझी मनोमन खात्री होती. उद्यमनगरात एका बोळात पॅटर्न, पलीकडे फौंड्री, समोर लेथ, कोपऱ्यावर वेल्डर. सकाळी मोडकं माउंटिंग घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी नवं घेऊन परतायचा, हे मी पाहिलेलं. माझे चुलतभाऊ आप्पा अजून तिथे लेथ चालवतात. त्यांना फोन लावून सगळी कर्मकथा सांगितली.

“इंजिन बसलंय म्हणतोस. मग अडलंय कुठं?”

“पुरं करायला कोणी तयार नाही, आप्पा.”

“न्हाईच हुणार. आरं, दुसऱ्याच्या हातचं काम घ्यायचं म्हंजे आदी समदं खोलायचं. खोलायचे पैसे गिऱ्हाईक देत न्हाई. त्येला वाटतंय निम्मं झालंय. आमच्याकडं बी कोण घेत न्हाई.” मग थोडं थांबून, “फौंडेशन कुणी केलं? माप घेतलंय का नजरेनं ठोकलंय? त्ये बघ आदी.”

माझी उद्यमनगराविषयीची खात्री तिथेच संपली. शिवाय अडचणीचं मूळही आप्पांनी हजारो मैलांवरून, बस न बघता सांगितलं होतं. मास्तर काम निम्म्याहून जास्त झालंय असं धरून चालले होते, आणि उरलेल्याचे पैसे द्यायला शोधत होते. आलेल्या प्रत्येकाला दिसत होतं की उरलेलं करायचं तर झालेलं उलगडावं लागेल. भांडण पैशाचं नव्हतंच. काम नेमकं कुठवर आलंय, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं.

अखेर ज्यांनी होकार दिला ते सत्तरीच्या पुढचे. बस कंपनीच्या गॅरेजात हयात गेलेली, आता घरामागच्या शेडमध्ये निवडक कामं घेतात. आल्या आल्या इंजिनाकडे बघितलंही नाही. पुठ्ठा अंथरला, बसखाली सरकले आणि खिशातून काडेपेटीएवढं, चुंबकाने चिकटणारं एक डिजिटल कोनमापक काढून शाफ्टच्या एका टोकाला लावलं. तीन अंश. दुसऱ्या टोकाला लावलं. सहाच्या वर. बाहेर येऊन त्यांनी मास्तरांना खडूने जमिनीवर दोन रेषा काढून दाखवल्या. क्रॉस जॉइंट तिरका फिरताना प्रत्येक फेरीत थोडा पुढे धावतो, थोडा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाची लचक दुसरा खाऊन टाकतो. सारखे नसले की ती उरते, आणि इतक्या आखूड शाफ्टमध्ये उरली की आधी जॉइंट जातात, मग गिअरबॉक्सचं मागचं सील. मास्तर गणिताचे, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

मग माउंटिंग. गॅसकटरने कापलेली जाड पट्टी, वेल्डिंग सुबक, पण इंजिन आणि चासीच्या मध्ये रबर नव्हतंच. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि “हात चांगला आहे याचा” एवढंच म्हणाले. मग वायरींचा जुडगा ओढला. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर पेनाने नाव. निम्मी अक्षरं उडालेली. एका तुकड्यावर स्पष्ट वाचता येत होतं: ‘ऑइल?’. प्रश्नचिन्हासकट. ज्याने वायर जोडली त्यालाही खात्री नव्हती. आम्ही तिघेही हसलो, मास्तर जरा उशिरा.

त्यांच्या अटी साध्या होत्या. इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा बाहेर निघणार. माउंटिंग नवं, रबरावर. आधी कोन जुळवायचे, मग शाफ्ट मापाने करून घ्यायचा. जुना जुडगा फेकून देऊन नवा बांधायचा, आणि प्रत्येक वायर कागदावर काढायची, म्हणजे पुढच्याला कोणाला फोन करावा लागणार नाही. संगणकाची भाषा दुरुस्त करायला त्या तरुण तंत्रज्ञाला सुट्टीच्या दिवशी बोलवायचं. अंदाजपत्रक मिळणार नाही. लागेल तो वेळ, लागेल ते सामान. आणि रेडिएटरबद्दल आत्ता काही बोलणार नाही. या बसमध्ये रेडिएटर मागे वरच्या बाजूंना आहेत, इंजिनावरून फिरणारे पंखे त्यांतून हवा खेचतात, आणि हे सगळं जुन्या इंजिनाच्या मापाचं. नव्याला पुरतं की नाही ते पेनसिल्व्हेनियाच्या चढांवर बस भरून नेल्याशिवाय कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं पुरणार नाही. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण टर्बोच्या हवेचा कूलर कुठे बसवायचा हे विचारल्यावर त्यांनी सामानाच्या डिकीचं झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं.

इंजिन पुन्हा निघणार म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला होता. तरी त्यांनी हात पुढे केला. रेकर ठरला, बाहेरून हवा भरून ब्रेक सोडायचं ठरलं.

निघता निघता त्या गृहस्थांची नजर गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली, लाकडी फळ्यांवर ठेवलेल्या 8व्ही71 कडे गेली. ताडपत्री उचलून त्यांनी ब्लोअर बघितला, हाताने शाफ्ट थोडा फिरवून पाहिला आणि विचारलं, हे विकणार का? बिलातून वळतं करून घेईन म्हणाले. मास्तरांनी अजून हो-नाही काही सांगितलेलं नाही. मी त्यांना विकू नका म्हणून सांगितलंय. मास्तरीणबाईंचं म्हणणं, आजच्या आज विका.